कैरोत जोंधळ्याची भाकरी

कैरोला राहून आलो असं म्हटलं की कोरेगावच्या बाजारात लोक पहिल्यांदा पिरॅमिडचं विचारतात. केवढे आहेत, आत काय आहे, वर चढता येतं का. मी त्यांना खरं ते सांगतो. पिरॅमिड मी पाहिले, पण नदीवरच्या पुलावरून, लांबून, धुळीत. त्यांच्या पायथ्याशी जायला आम्हाला एक दिवसाची रजा मिळाली होती, फौजी मोटारही मिळणार होती. त्या दिवशी आम्ही मोटार सोडली आणि सायकलींवर भाकरी शोधत शहरभर हिंडलो. तेव्हा ज्यांना थडग्यांची आणि मनोऱ्यांची माहिती हवी असेल त्यांनी दुसरं कुणी गाठावं. मला तिथले रस्ते ठाऊक आहेत आणि तिथलं खाणं ठाऊक आहे. खाण्याच्या बाबतीत मी लहानपणापासून चिकित्सक आहे, हे आमच्या घरी कुणीही सांगेल, आणि जरा वैतागूनच सांगेल.

भाकरी मला नको होती, धोंडीला हवी होती. म्हणून आधी धोंडीचं सांगायला हवं.

माझं गाव कोरेगावजवळ, नदीकाठचं. ऊस, आणि थंडीत गुऱ्हाळ. फायनलची परीक्षा पास झालो आणि पलटणीत गेलो. आमच्याकडं घरटी एकजण पलटणीत असतोच, त्यामुळं त्यात सांगण्यासारखं काही नाही. धोंडी माणदेशातला, दहिवडीच्या पलीकडच्या एका वाडीवरचा धनगर. अंगानं उंच, पायानं चपळ आणि बोलायला इतका कमी की भरतीनंतर बरेच दिवस सुभेदारसाहेब त्याला मुकाच समजत होते. शिकाऊ काळ संपल्यावर रजेवरून आम्ही दोघं बरोबर निघालो, तेव्हा त्याची आई त्याला पोचवायला कोरेगाव स्टेशनावर आली होती. वाटेत मुक्काम करत, चालत. गाडीचा सिग्नल पडल्यावर तिनं मला बाजूला घेतलं.

"तू बागायतीचा हायस, शिकलेला हायस," ती म्हणाली. "माझं प्वार कवा काय मागत न्हाई बग. पुढ्यात आलं तर खाईल, न्हाई आलं तर तसंच निजंल. भूक लागली म्हणून सांगायचं न्हाई. तू तेवढं बघ बाबा."

मी बघतो म्हणालो. स्टेशनावर माणूस वाटेल ते कबूल करतो. पण पुढं लंगरात जेवायला बसलो की माझं लक्ष आपोआप धोंडीच्या ताटलीकडं जायचं. ती रिकामी दिसली की मी चपात्या वाढणाऱ्याला हाक मारायचो, आणि धोंडी न बोलता खायचा. असे आम्ही समुद्र ओलांडून मिसरात पोचलो.

इस्पितळ

त्रेचाळीस सालच्या थंडीत आमच्या तंबूंमध्ये काविळीची साथ आली. बरीच माणसं आडवी झाली, त्यात धोंडीही. त्याला शहराच्या कडेच्या फौजी इस्पितळात नेलं. काही दिवसांनी मी आणि ज्ञानू त्याला भेटायला गेलो. ज्ञानू मेढ्याकडचा, डोंगरातला, नाचणीवर वाढलेला. बारीक, तुरतुरीत आणि तोंडाळ. धोंडीच्या वाटणीचंही तोच बोलायचा.

आमच्याकडं काविळीला उसाचा रस देतात, म्हणून जाताना आम्ही रसाची बाटली भरून घेतली. कैरोत रसाची दुकानं कोपऱ्याकोपऱ्यावर आहेत. चरक लोखंडी, ऊस जाडजूड आणि पाणीदार. रसात आलं घालत नाहीत, लिंबू पिळत नाहीत. पेला मात्र मोठा देतात आणि लोक उभ्याउभ्या एका दमात पितात. मला तो रस फिका वाटला. आमच्या मळ्यातला रस प्यायला असता तर दुकानदारानं दुसऱ्या दिवशी चरक विकला असता, असं मी ज्ञानूला म्हणालोही. तरी दोन पेले प्यालो.

आत जाऊन धोंडीला पाहिलं. त्याचे डोळे भंडाऱ्यासारखे पिवळे झाले होते आणि गालांची हाडं वर आली होती. खाटेशेजारच्या ताटलीत पावाचे तुकडे आणि उकडलेला बटाटा तसाच पडला होता. वॉर्डाचे डॉक्टर मद्रासकडचे होते, हिंदुस्तानी बोलायचे. त्यांनी आम्हाला व्हरांड्यात नेलं आणि सरळ सांगितलं की या दुखण्याला औषध असं नाही. पडून राहायचं आणि खायचं. बाकीचे खातायत आणि उठतायत. हा खात नाही. असंच चाललं तर हा उठणार नाही. तेल-तूप सोडून तो जे खाईल ते आणा, मी अडवणार नाही.

मी आत येऊन रस पुढं केला. धोंडीनं एक घोट घेतला आणि तोंड फिरवलं.

"गुळमाट हाय," तो म्हणाला. "तुमा बागायतवाल्यांचं प्यानं."

आम्ही उठायला लागलो तेव्हा त्यानं माझा हात धरला.

"गणपा, जोंधळ्याची भाकर मिळंल का रं हितं?"

एवढ्या दिवसांत त्यानं माझ्याकडं मागितलेली ही पहिली वस्तू. त्याच्या आईचं बोलणं मला आठवलं.

"मिळंल की," ज्ञानू म्हणाला. "न मिळायला काय झालं?"

बाहेर आल्यावर मी त्याला विचारलं, "कुटं मिळंल?"

"मला काय ठावं? पर न्हाई म्हणवलं न्हाई गड्या."

छावणीत परतलो तर हुकूम लागला होता. परवा पहाटे पलटण पुढं हलणार, उद्या सगळ्यांना पिरॅमिड दाखवायला नेणार, संध्याकाळी हजेरी. म्हणजे भाकरीसाठी आमच्या हाती उद्याचाच दिवस होता. ज्ञानूनं ओळखीच्या एका हवालदाराला गाठून दोन सायकली मागून आणल्या. एकीला घंटी नव्हती, दुसरीचा ब्रेक लागत नव्हता. बिनब्रेकची ज्ञानूनं घेतली, कारण त्याला तसाही बुटानंच सायकल थांबवायची सवय होती.

उजवीकडचा रस्ता

कैरो मोठं शहर आहे. सातारा, सांगली, कऱ्हाड एकत्र केली तरी त्याचा एक कोपरा भरणार नाही. ट्राम असते आणि तिच्या दारांना, खिडक्यांना, मागच्या बाजूला माणसं लटकलेली असतात. ट्रामच्या पुढं गाढवाची गाडी, तिच्या पुढं चारा लादलेला उंट, मधूनच फौजी लॉऱ्या, आणि या सगळ्यांतून काळी वस्त्रं घेतलेल्या बायका डोक्यावर पत्र्याचा डबा घेऊन निवांत चाललेल्या. कुणीच कुणाला वाट देत नाही आणि तरी सगळे पोचतात. गाडीवान, पोलीस, भाजीवाला, सगळे मोठ्यानं बोलतात. आधी मला वाटायचं भांडण चाललंय. नंतर कळलं की ते ख्यालीखुशाली विचारतायत.

सगळ्यांत मोठी अडचण म्हणजे तिकडं रस्त्याच्या उजव्या बाजूनं जातात. आपला जन्म डाव्या बाजूला गेलेला. सरळ रस्त्यावर लक्षात राहतं, पण वळण आलं की हात-पाय आपल्या मनाचं करतात. सकाळी बाहेर पडल्यापासून मी ज्ञानूला ओरडून सांगत होतो, "उजवीकडं, उजवीकडं." तो मागून म्हणत होता, "तुमी सोताचं बघा, गणपतराव."

सकाळी आम्ही एका हातगाडीवर थांबलो. तिथं तिकडच्या शेंगांचे दाणे मिळतात. ते वालापेक्षा मोठे आणि तपकिरी असतात आणि तांब्याच्या घागरीत रात्रभर मंद आचेवर ठेवतात. गाडीवाला लांब दांड्याच्या पळीनं ते वाटीत काढतो, वर जवसाचं तेल, जिरं आणि लिंबू घालतो, आणि बरोबर कोंड्याची गोल रोटी देतो. त्याला फूल म्हणतात. गरिबाचं आणि श्रीमंताचं न्याहारीचं खाणं तेच. पावट्याच्या उसळीच्या जवळ जातं. तिखट मात्र नाही. त्या देशात मिरचीला कुणी विचारत नाही हे मला शेवटपर्यंत पटलं नाही. ज्ञानूनं खिशातून कागदाची पुडी काढली आणि दोघांच्या वाट्यांत लंगरातली लाल पूड भुरभुरली. गाडीवाल्यानं एक बोट लावून चाखलं, आणि नंतर बराच वेळ तो आमच्याशी बोलू शकला नाही.

मग धान्याची दुकानं सुरू झाली. जोंधळ्याला तिकडं काय म्हणतात ते आम्हाला माहीत नव्हतं. मी हातानं उंची दाखवायचो, डोक्याच्या वर, आणि मूठ वळून कणीस दाखवायचो. दुकानदार विचार करायचे आणि आत जायचे. एकानं मका आणला, दुसऱ्यानं कबुतरांना घालायचे बारीक दाणे आणले, तिसरा बराच वेळ आत राहिला आणि खजुरीच्या पात्यांचा झाडू घेऊन आला. "तुमी कणीस जरा बारकं दावा," ज्ञानू म्हणाला. दुपार कलली तरी आमच्या पिशवीत एक दाणा नव्हता, आणि माझा पारा चढत चालला होता. धोंडी खाटेवर वाट बघत असणार हे डोक्यातून जात नव्हतं.

अशा मनःस्थितीत मी एका चौकात आलो. डावीकडं वळायचं होतं. आपल्याकडं डावीकडं वळणं म्हणजे कडेकडेनं सुटणं, त्यात बघण्यासारखं काही नसतं. मी तसाच सुटलो. समोरून एक माणूस सायकलवर येत होता, त्याच्या योग्य बाजूनं. एका हातात हँडल, दुसरा हात वर, आणि डोक्यावर खाटेएवढी झावळ्यांची चौकट, तिच्यावर ताज्या रोट्यांच्या थप्प्या. तिकडं भट्टीतल्या रोट्या दुकानोदुकानी अशाच पोचवतात आणि ती कसरत बघायला आम्ही एरवी मुद्दाम थांबायचो. त्या दिवशी थांबलो नाही. दोन्ही चाकं एकमेकांत गेली, तो माणूस फूटपाथवर बसला, मी नालीपाशी आडवा झालो आणि रोट्या चारी दिशांना घरंगळत गेल्या.

क्षणात माणसं जमली. परदेशी शिपायांवर तिथले लोक आधीच वैतागलेले, आणि ते काही उगाच नव्हे. एका दांडग्या माणसानं माझ्या सायकलचं हँडल धरलं. दुसरा माझ्या तोंडापुढं बोट नाचवत होता. मी उठलो आणि खाली पाहिलं तर माझ्या बुटाला लागून एक रोटी पडली होती. ती मी उचलली, झटकली आणि कपाळाला लावली.

यात मी काही विचार केला नव्हता. आमच्याकडं भाकरीचा तुकडा पायाशी आला तर हेच करायचं असतं. नाही केलं तर आई पाठीत घालते. मी दुसरी रोटी उचलली, तीही कपाळाला लावली. रस्त्याच्या मधे ज्ञानूही तेच करत होता. एक हात वर करून त्यानं ट्रामसुद्धा थांबवली होती.

हँडल धरलेल्या माणसानं हात काढला. त्यानं खाली वाकून एक रोटी उचलली, आधी ओठांना लावली, मग कपाळाला. मग दुसऱ्यानं उचलली. तेव्हा मला कळलं की त्यांच्याकडंही असंच आहे. ओठांना लावायचं तेवढं जास्त. भांडायला आलेली माणसं रोट्या गोळा करायला लागली. चिखलात गेलेल्या रोट्या एका म्हाताऱ्यानं उचलून भिंतीच्या कडेवर ठेवल्या, पाखरांना. ट्रामचा ड्रायव्हर घंटा न वाजवता थांबून होता.

रोटीवाल्याचं नाव महमूद. त्याचा घोटा मुरगळला होता आणि सुजत चालला होता. पूर्वी एका फौजी छावणीत त्यानं भांडी घासली होती, त्यामुळं त्याला तुटकी हिंदुस्तानी यायची.

"तुम उल्टा आया," तो म्हणाला.

"हमारे गाँव में यही सीधा है," मी म्हणालो. तो हसला, आणि मला जरा धीर आला.

रोट्यांची फेरी

पण रोट्या पोचवायच्या कशा? दुकानदार वाट बघत होते आणि महमूदला पाय टेकवत नव्हता. त्याची सायकल आम्ही एका फळवाल्याकडं ठेवली. मग महमूद माझ्या कॅरिअरवर बसला, त्यानं चौकट आपल्या डोक्यावर घेतली आणि माझ्या पाठीत थाप मारली. निघ म्हणून. मी पुढं, मागं महमूद, त्याच्या डोक्यावर रोट्या आणि सगळ्यांच्या मागं एक पाय जमिनीला घासत ज्ञानू. पाठीवर उजव्या बाजूला थाप पडली की उजवीकडं, डाव्या बाजूला पडली की डावीकडं, आणि दोन्हीकडं पडली की थांब. मी काही चुकलो नाही. पाठ मात्र दुसऱ्या दिवशीपर्यंत दुखत होती.

जितक्या दुकानांत थांबलो तितक्या ठिकाणी महमूदनं झालेला प्रकार सांगितला. अरबी मला कळत नव्हतं, पण रोटी उचलून कपाळाला लावल्याचं तो हातानं करून दाखवायचा आणि दुकानदार आमच्या हातावर काहीतरी ठेवायचा. नको म्हणायची सोय नव्हती. एका कढईवाल्यानं भजी दिली, बाहेरून तपकिरी, आतून हिरवीगार, त्याच मोठ्या दाण्यांची वाटून केलेली. आमच्या भज्यांपेक्षा हलकी, हे मान्य करायला हवं. लोणचेवाल्यानं मुळ्यासारखा एक गुलाबी कंद दिला, खारट आणि आंबट. एका दुकानात तांदूळ, मसूर आणि शेवयांचे तुकडे एकत्र शिजवून वर तळलेला कांदा घातलेला होता. खिचडीत शेवया घालायचं धाडस आमच्याकडं कुणी केलं नसतं. चव वाईट नव्हती. मांसाच्या दुकानापाशी ज्ञानू थबकला आणि त्यानं कशाचं म्हणून खुणेनं विचारलं. दुकानदारानं मान उंचावून मेंढरासारखं ओरडून दाखवलं. तेव्हा ज्ञानूनं हात पुढं केला.

एका बोळात मात्र मी सायकल स्टँडला लावून नीट बसलोच. त्या दुकानदारानं वाटीत काकवी ओतली. होय, काकवीच, उसाची, काळी आणि दाट. तिच्यात त्यानं तिळाचं पातळ वाटण घातलं आणि रोटी बुडवून खा म्हणाला. परमुलखात, अनोळखी भाषेच्या बाजारात, तोंडात एकदम गुऱ्हाळाची चव आली. काकवी जरा जास्त आटली होती. आमच्या वडिलांनी त्या गुळव्याला रागावून घरी पाठवलं असतं. पण मी वाटी बोटानं पुसून खाल्ली.

तिथंच महमूदनं विचारलं की सगळे शिपाई पिरॅमिड बघायला जातात, तुम्ही इथं काय करताय? मी त्याला धोंडीचं सांगितलं. पिवळे डोळे, न खाल्लेली ताटली, आणि भाकरी. पुन्हा एकदा डोक्याच्या वर हात नेला, पुन्हा कणसासाठी मूठ वळली.

महमूदनं माझी मूठ पाहिली. "दुरा," तो म्हणाला. मग आपल्या छातीवर हात ठेवला. "मेरा घर, दुरा."

बुलाक

नदीच्या काठाला बुलाक नावाची कष्टकऱ्यांची वस्ती आहे. बोळ इतके अरुंद की सायकल हातात धरून न्यावी लागते. वरच्या गच्च्यांवर शेळ्या बांधलेल्या आणि त्या कठड्यावरून खाली बघत असतात. महमूद नदीच्या वरच्या अंगाच्या मुलखातला, कैरोपासून फार लांबचा. तिकडं गव्हापेक्षा दुरा जास्त पिकतो. शहरात तो गव्हाच्या रोट्या पोचवतो आणि घरी आपल्या मुलखाचं खातो.

त्याच्या बायकोनं आम्हाला बघून डोक्यावरच्या काळ्या वस्त्राचा काठ दातांत धरला. आमच्याकडं सासरा आला की बायका पदर सावरतात, अगदी तसं. तिचं नाव आम्ही विचारलं नाही. तिकडं परक्यानं विचारायचं नसतं, आणि आमच्याकडं तरी कारभारणीचं नाव कोण सांगतं? महमूदचं ऐकून ती आत गेली आणि मातीच्या रांजणातून ओंजळभर दाणे घेऊन आली.

मी एक दाणा दाताखाली फोडला. जोंधळा. रंगानं जरा तांबूस, पण जोंधळा.

"ज्ञानू," मी म्हणालो, "गावला."

तिच्याकडं दळलेलं पीठही होतं. पण त्यांची रोटी आंबवलेल्या सैल पिठाची, पातळ पसरून भट्टीत वाळवलेली. ती कडक असते, दातांना काम देते. धोंडीला ती चालली नसती. मी तिला ताजं पीठ गरम पाण्यात मळायला सांगितलं आणि दोन्ही हातांनी हवेत थापून दाखवलं. तिला कळेना. तेव्हा मी बाह्या वर करून पुढं बसलो.

इथं एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. जन्मभर मी रोज भाकरी खाल्ली होती, भाकरी जाड झाली तर कुरकुर केली होती, कड कच्ची राहिली तर ताट सरकवलं होतं. थापली एकदाही नव्हती. माझा गोळा पहिल्याच थापेला कडेनं भेगाळला आणि उचलताना निम्मा फळीवरच राहिला. ज्ञानू मला बाजूला सारून बसला. त्याची भाकरी सातारा जिल्ह्याच्या नकाशासारखी झाली. महमूदची बायको आधी वस्त्राआड हसत होती, मग तिनं वस्त्र सोडलं आणि मोकळी हसली. तिनं आमच्या हातांतून पीठ घेतलं, हात धुतले, कोरडं पीठ फळीवर भुरभुरलं आणि थापायला लागली. आमचे हात तिनं दोनदाच पाहिले होते. तरी गोळा तिच्या बोटांखाली गोल फिरत मोठा होत गेला. भट्टीच्या तोंडावर मातीचं खापर होतं. त्यावर तिनं भाकरी टाकली, पाण्याचा हात फिरवला, उलटली. ती पुरती फुगली नाही, पण एका बाजूला पापुद्रा सुटला. तिच्या बोटांचे ठसे भाकरीवर स्पष्ट उमटले होते. आमच्या आईच्या भाकरीवर उमटतात तसेच.

तिनं बऱ्याच भाकरी केल्या आणि फडक्यात बांधल्या. बरोबर एक कांदा दिला. देताना काहीतरी बोलली.

"बीमार को," महमूदनं अर्थ सांगितला, "बोलो खाओ. माँ बोलती, खाओ."

भाकरी ऊन राहाव्यात म्हणून ज्ञानूनं ते गाठोडं सदऱ्याच्या आत पोटाशी धरलं. ऊन उतरत होतं आणि इस्पितळ शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. आम्ही ट्रामच्या बरोबरीनं सायकली मारल्या. पुलाच्या तोंडाशी एका पोलिसानं थांब म्हणून हात केला. ज्ञानूला थांबणं शक्यच नव्हतं. तो पोटाकडं बोट दाखवत तसाच निघून गेला. डावीकडच्या वळणावर मी मोठ्यानं स्वतःला बजावत होतो, उजवीकडं, उजवीकडं. कडेचे लोक बघत होते.

वॉर्डाच्या दारात गोऱ्या नर्सबाईंनी गाठोडं उघडायला लावलं, वास घेतला आणि डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी एक तुकडा मोडून तोंडात टाकला. "तेल नाही," ते म्हणाले आणि बाजूला झाले.

धोंडी भिंतीकडं तोंड करून पडला होता. मी फडकं त्याच्या उशाशी ठेवलं. त्याला वास आला असावा. तो वळला, हळूहळू उठून बसला. भाकरी हातात घेतली आणि त्या बोटांच्या ठशांवरून आपली बोटं फिरवली. मग एक तुकडा मोडला, तोंडात घातला आणि चावत राहिला. आम्ही दोघं त्याच्या तोंडाकडं बघत होतो. त्यानं गिळला. थोड्या वेळानं दुसरा तुकडा मोडला.

"मेथी घातलीया," तो म्हणाला.

मीही चाखून पाहिलं. खरंच होतं. तिकडं जोंधळ्याच्या पिठात मेथ्या दळूनच टाकतात, नंतर मला कळलं.

"कडू लागतीया. जोंधळ्यात मेथी कोण घालतं व्हय? कुणी केली ही?"

"खा की गप," ज्ञानू म्हणाला. "सकाळधरनं पाय तुटलं आमचं."

धोंडी खात राहिला. मधे मधे कुरकुरत राहिला. आख्खी भाकरी आणि अर्धा कांदा त्यानं संपवला, आणि उरलेल्या भाकरी उशीखाली सारल्या. मला रडू आलं. ते मी लपवलं नाही, आणि ज्ञानूनं त्यावरून पुढं कधी मला चिडवलं नाही.

हजेरीला आम्ही धापा टाकत पोचलो. पहाटे पलटण हलली.

माणदेश

पुढं आम्ही इटलीत गेलो. धोंडीला लिहिता येत नव्हतं आणि इस्पितळातून आमच्यापर्यंत काही बातमी आली नाही. एकानं सांगितलं की त्याला बोटीवर चढवलं. दुसऱ्यानं सांगितलं की त्या वॉर्डातली काही माणसं गेली. लढाई संपून मी घरी आलो तेव्हाही मला नक्की काही ठाऊक नव्हतं. आल्यावर चार दिवस मी नुसते ढकलले. स्टेशनावर बघतो म्हणून सांगितलं होतं, आणि आता त्या माउलीपुढं काय तोंड घेऊन उभं राहायचं, हे कळत नव्हतं. शेवटी सायकल काढली आणि दहिवडीच्या रस्त्याला लागलो.

वाटेत एका बैलगाडीवाल्यानं मला चांगला झापला. "आवं पाव्हणं, कुटल्या बाजूनं चाललाय?" मी उजव्या बाजूनं चाललो होतो.

वाडीवर पोचलो तेव्हा म्हातारी उंबऱ्यात जोंधळा पाखडत बसली होती. तिनं डोळ्यांवर हात धरून माझ्याकडं पाहिलं. मी काही बोलायच्या आधी म्हणाली, "बस बाबा. मेंढरं घिऊन माळाला गेलाय, दिवस बुडाय यील."

मी खाली बसलो.

तिनं पाणी दिलं, गुळाचा खडा दिला, आणि ताट वाढलं. भाकरी, हुलग्याचं माडगं, कांदा. मी भाकरीचा तुकडा मोडला आणि तोंडात घातला. कडू लागली. मी ताटाकडं पाहिलं, मग तिच्याकडं.

"व्हय, मेथी हाय," ती म्हणाली. "शेजारणी हसत्यात मला. जोंधळ्यात मेथी कुणी घालतं का, म्हणत्यात."

"मंग का घालता, मावशी?"

तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"जन्मात प्वार कवा काय मागत न्हवतं. आता रोज मागतंय, 'आये, मेथी घाल' म्हणून. मागतंय तर घालती."

मी आणखी एक भाकरी मागून घेतली.